गाडी कुठं आली? आमच्या ट्रान्सपोर्टची वाटचाल

सांगलीत गणपती पेठेत आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. मोठं काही नाही, घरच्या चार गाड्या आणि बाकी सगळं काम बाहेरच्या गाड्या लावून चालतं. मध्यंतरी बँकेत लोनसाठी गेलो तर तिथल्या तरुण साहेबांनी फॉर्मवर बोट ठेवून विचारलं, तुमच्या धंद्यात डिजिटल काय आहे ते दोन ओळीत लिहा. दोन ओळीत कसं बसणार ते? तिथं कायतरी खरडून आलो, पण डोक्यात विषय राहिला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमच्या वडिलांनी, त्यांना सगळी पेठ अण्णा म्हणते, नव्वदच्या दशकात एक जुना ट्रक घेऊन सुरुवात केली. सांगलीला मालाला तोटा कधीच नव्हता. हळद, बेदाणा, गूळ, साखर, सीझनला द्राक्षं, आटपाडी-जतकडनं डाळिंब, कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतनं कास्टिंग आणि मशीनचे पार्ट. हळद तर नुसती आपल्या जिल्ह्याची नाही, हिंगोली, निजामाबाद, कर्नाटक कुठनं कुठनं इथं सौद्याला येते आणि इथनं परत देशभर जाते. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते सगळ्यांना माहीत आहे, पण ती हळद इथनं इंदूरला, दिल्लीला, राजकोटला नेतं कोण हे कुणी विचारत नाही. ते आम्ही. म्हणजे आमच्यासारखे. आपल्या देशात निम्म्याहून कितीतरी जास्त माल रस्त्यानं जातो आणि त्यातले बहुतेक ट्रक हे एक-दोन-चार गाड्यांच्या मालकांचे आहेत, मोठ्या कंपन्यांचे नाहीत, त्यामुळं जे काय नवीन येतं ते शेवटी आमच्याच ड्रायव्हरच्या खिशातल्या मोबाईलवर येऊन पडतं.

अण्णांचं खरं भांडवल गाडी नव्हतं, बातमी होतं. कुठल्या अडत्याची हळद आज निघणार, तासगावात कुणाच्या कोल्ड स्टोरेजमधनं बेदाणा सुटणार, आणि राजस्थानची कुठली गाडी मिरजेत खाली होऊन परतीच्या भाड्यासाठी उभी आहे. ह्या दोन टोकांची बातमी ज्याला आधी मिळेल त्याचं कमिशन. अण्णा सकाळी सहाला मार्केट यार्डात एक चक्कर, मग हायवेच्या धाब्यावर एक चक्कर, मग ऑफिसात येऊन दोन लॅंडलाईन. एक फोन घ्यायला आणि एक करायला, दोन्ही एकदम वाजले की ऑफिसातल्या पोरानं एक कानाला धरून बसायचं. बिल्टी, म्हणजे माल गाडीत भरल्याची पावती, तिचं बुक तीन कॉपीचं, कार्बन घालून. पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेली बिल्टी, गाडीबरोबरची बिल्टी, ऑफिसची बिल्टी.

आणि गाडी सुटली की मग संपलंच. ड्रायव्हरचा फोन आला तर आला. पार्टीचा मात्र रोज फोन, गाडी कुठं आली? अण्णांचं उत्तर ठरलेलं, "आत्ताच फोन आलेला बघा, धुळ्यात जेवायला थांबलाय." फोनबिन काही आलेला नसायचा. पण अंदाज इतका पक्का असायचा की दुसऱ्या दिवशी गाडी खरंच शिरपूरच्या पुढं गेलेली असायची. पार्टीलाही माहीत असायचं की अण्णा अंदाजानं बोलतायत. चालायचं सगळं.

रस्त्यात वेळ कुठं जायचा ते आताच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल. मुंबईत माल न्यायचा तर जकात. वाशीच्या पुढं नाक्यावर गाड्यांची रांग, तिथले वेगळे एजंट, त्यांचे वेगळे पैसे. राज्याची हद्द ओलांडायची तर विक्रीकराचा नाका, तिथं परत कागद, परत शिक्के. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात आणि हद्दीवरचे ते टॅक्सचे नाके एका रात्रीत गेले. जीएसटीला शिव्या देणारे व्यापारी आमच्या पेठेत भरपूर आहेत आणि रिटर्न भरताना मीही देतो, पण गाडीच्या बाजूनं बघितलं तर माझ्या आयुष्यात झालेला सगळ्यात मोठा बदल तो होता. त्याच्यात कुठलंही अ‍ॅप नव्हतं. नाका उठला एवढंच.

आमचे एक हळद एक्सपोर्ट करणारे गिऱ्हाईक आहेत, ते आफ्रिकेत जाऊन येऊन असतात, त्यांनी सांगितलेलं की तिकडं पण असंच झालं. केनियातल्या मोंबासा बंदरात उतरलेला माल युगांडाला, रवांडाला ट्रकनं जातो, आधी प्रत्येक देशाच्या हद्दीवर कागद नव्यानं, आता टॅक्सचं काम माल मोंबासात असतानाच होतं आणि ट्रकला इलेक्ट्रॉनिक सील लावून सोडतात, सील कुठं उघडलं का ते ऑफिसात बसून दिसतं. आणि केनियात ड्रायव्हरला पैसे फोनवरनं पाठवायचं म्हणाल तर एम-पेसा २००७ पासून आहे, साध्या बटणाच्या फोनवर. आपण त्यावेळी काय करत होतो? ओळखीच्या पेट्रोल पंपावर फोन करून "आमच्या ड्रायव्हरला दोन हजार द्या, आमच्या खात्यावर मांडा" म्हणत होतो. पंपवाला नवीन असला की ड्रायव्हर अर्धा दिवस तिथंच.

नाके गेले आणि त्याच्या जागी ई-वे बिल आलं, म्हणजे गाडीबरोबर लागणारा मालाचा ऑनलाईन कागद. १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात ५० हजारांच्या वरचा माल असेल तर हे पाहिजेच. पहिल्यांदा पेठेत नुसता गोंधळ. पार्ट ए पार्टीनं भरायचा, मालाची माहिती, आणि पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर, तो बहुतेक वेळा आम्ही भरायचा. गाडी रस्त्यात बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला तर पार्ट बी बदलायचा, नाहीतर पकडलं तर टॅक्सच्या दुप्पट दंड आणि गाडी अडकून. बिलाच्या मुदतीला आधी दिवसाला १०० किलोमीटरचा हिशोब होता, १ जानेवारी २०२१ पासून तो २०० केला, म्हणजे सांगली ते इंदूर आठशे किलोमीटरच्या आसपास धरलं तर चार-पाच दिवसांची मुदत मिळते. सरळ जाणाऱ्या गाडीला ती भरपूर झाली, पण आमच्या पार्ट लोडच्या गाडीला पुण्यात थोडा माल, नाशकात थोडा असं करत जायचं असतं आणि मधे एक रविवार आला की मुदत संपायला येते. वाढवायची तर मुदत संपायच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तास, एवढ्याच वेळात. आता ती वेळ रात्री दोनला येते की पहाटे चारला हे कोण बघणार? आमच्याकडं माझी पुतणी बघते. बी.कॉम. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं काकाच्या ऑफिसात बसते म्हणून आली ती लग्नानंतरही इथंच आहे, मिरजेतनं घरून काम करते. रात्री अलार्म लावून उठते, फोनवरच मुदत वाढवते आणि परत झोपते. सांगलीच्या ट्रान्सपोर्ट लाईनीत बाई ऑफिसात बसलेली अण्णांच्या काळात एक पण नव्हती, हमाल, ड्रायव्हर, शिव्या, असलं वातावरण. काम फोनवर आलं म्हणून तिला करता आलं. ह्याच्यावर कुणी लिहीत नाही.

फास्टॅगचं तर मला मनापासून कौतुक आहे. पूर्वी पुण्याला जायचं तर किणी सोडा, ती कोल्हापूरकडं राहिली, पण तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, प्रत्येक ठिकाणी रोख. ड्रायव्हर परत आला की टोलच्या पावत्यांचा गठ्ठा टेबलावर. त्यातल्या निम्म्या भिजलेल्या, काही दुसऱ्याच गाडीच्या. मालक-ड्रायव्हरची निम्मी भांडणं ह्या पावत्यांवरनं. नोटाबंदी झाली त्या नोव्हेंबर २०१६ मध्ये सरकारनं डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत हायवेचे टोलच माफ केले होते कारण सुट्टे कुणाकडंच नव्हते, तेव्हाच कळलं की रोखीवर हे पुढं चालायचं नाही. मग फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, त्यावेळी नसेल तर डबल टोल होता.

लोकांना वाटतं फास्टॅगचा फायदा म्हणजे रांग कमी झाली. ते आहेच, पण आमच्यासारख्याला दुसरा फायदा जास्त झाला. पैसे कटले की मालकाच्या फोनवर मेसेज येतो. टोलनाक्याचं नाव आणि वेळ. म्हणजे जीपीएसचं एक पैशाचं यंत्र न लावता मला कळायला लागलं की गाडी आनेवाडीला किती वाजता होती आणि खेड शिवापूरला किती वाजता. मधल्या वेळात खंबाटकी घाटात अडकली असेल तर ते पण ताडता येतं. "गाडी कुठं आली"चं पहिलं खरं उत्तर आमच्या ऑफिसात टोलच्या मेसेजनं दिलं. जीपीएस आम्ही नंतर लावलं, ते पण एका पार्टीनं अट घातली म्हणून.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. आमच्या धंद्यात मी वर्षं मोजतो ती ह्याच्या आधीची आणि नंतरची. आमचे एक जुने ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, वय साठीकडं, सही सोडून लिहिता येत नाही. मामांनी वर्षाच्या आत स्मार्टफोन घेतला, आणि टाईप करता येत नाही म्हणून सगळं व्हॉइस मेसेजवर. "मालक, गाडी खाली झाली, पोचवर शिक्का घेतला, फोटो टाकलाय." पोच म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची बिल्टी, कंपन्या तिला पीओडी म्हणतात, ती हातात आल्याशिवाय आमचं बाकी भाडं निघत नाही. पूर्वी ती ड्रायव्हर परत येईल तेव्हा यायची, किंवा तो तिथनंच दुसरं भाडं घेऊन कलकत्त्याला गेला तर महिन्यानं यायची, किंवा यायचीच नाही. आता अर्ध्या मिनिटात फोटो. मधे एका कंपनीचं ट्रान्सपोर्टचं सॉफ्टवेअर घेऊन बघितलं होतं, दिसायला लई भारी, प्रत्येक बिल्टीला वीस-बावीस रकाने. आमच्या बुकिंगच्या पोरापुढं सीझनमध्ये एकावेळी सहा हमाल आणि दोन अडत्यांची माणसं उभी असतात, तो बावीस रकाने भरत बसला तर मार्केट बंद व्हायची वेळ येईल. मुदत संपल्यावर ते नको म्हटलं. आता बिल्टी फोनवरच्या एका साध्या अ‍ॅपवर, हिशोब टॅलीत, आणि बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅप आणि एक गूगल शीट. पुतणीनं त्या शीटला रंग दिलेत, पोच आली की हिरवी, नाही आली की लाल. अण्णा येऊन फक्त लाल किती एवढं बघतात.

महापुरात ह्याची किंमत कळली. २००५ ला पाणी आलेलं तेव्हा ऑफिसातली बिल्टी बुकं, खतावण्या, सगळा लगदा झाला होता. ज्याच्याकडं आमचे पैसे होते त्यातल्या चांगल्या माणसांनी दिले, बाकीच्यांना आम्ही काय दाखवणार? २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गणपती पेठेत ऑफिसच्या शटरच्या वर पाणी. टेबल, कपाट, यूपीएस सगळं गेलं. पण पोचचे फोटो फोनमध्ये आणि हिशोब शीटवर होता. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे पाण्याखाली गेला आणि बरेच दिवस बंद राहिला, आमची एक गाडी निपाणीच्या अलीकडं अडकलेली, ड्रायव्हर रोज लोकेशन टाकायचा, हायवेवर थांबलेल्या ड्रायव्हरांचा ग्रुपच झाला होता, कुठं जेवण मिळतंय, कुठला रस्ता सुरू झाला, ते चॅनलवाल्यांच्या आधी त्या ग्रुपवर यायचं. आम्ही मिरजेत पुतणीच्या सासरी एका खोलीत बसून धंदा चालवला. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा तर ऑफिसात भिजण्यासारखं फारसं काही ठेवलंच नव्हतं.

आणि मधे २०२० चा लॉकडाऊन. मार्चच्या शेवटी तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडं द्राक्षं वेलीला लटकलेली आणि बाजार बंद. मालवाहतुकीला परवानगी होती, पण गाडी भरायला माणूस नाही, उतरवायला माणूस नाही आणि धाबे बंद. त्यावेळी काही बागायतदारांनी पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑर्डरी घेतल्या, पैसे यूपीआयवर आधी, आणि आम्ही छोट्या टेम्पोतनं पेट्या नेऊन सोसायटीच्या गेटवर उतरवल्या. बाकीच्यांनी बेदाणा केला. त्या गेटवरच्या धंद्यात आम्हाला फार पैसे सुटले नाहीत, पण दोन गोष्टी झाल्या, एक म्हणजे त्यातले काही बागायतदार कायमचे जोडले गेले आणि दुसरं म्हणजे छोट्या पार्सलचं काम आम्ही शिकलो. आज भडंगवाले, मसाला करणारे महिलांचे गट, पाव किलोच्या पाकिटात बेदाणा भरून ऑनलाईन विकणारी पोरं, ह्यांचा रोजचा माल आम्ही गोळा करतो आणि पुण्यापर्यंत एका गाडीत नेतो, पुढं कुरिअरवाले. धंद्याचा हा भाग दरवर्षी वाढतोय.

आता नुकसानीची बाजू. अण्णांची बातमी गेली. "सांगली ते इंदूर, ९ टन हळद, गाडी पाहिजे" हे आता पंचवीस ग्रुपवर आणि चार अ‍ॅपवर एकाच मिनिटाला पडतं, भाड्यासकट. राजस्थानच्या ड्रायव्हरला मिरजेत खाली व्हायच्या आधीच परतीचा माल दिसतो. त्याच्यासाठी चांगलं झालं, रिकामी गाडी उभी राहायची कमी झाली. पण मधल्या माणसाचं कमिशन आटलं आणि पेठेतली कितीतरी ऑफिसं ह्या काळात बंद पडली, काहींनी गाड्या विकून पतसंस्थेत नोकरी धरली. आम्हाला पण वाटलं होतं आपलं आता काही खरं नाही.

पण गंमत बघा, मोठ्यांनाही हे सोपं गेलं नाही. ब्लॅकबक म्हणून बेंगळुरूची कंपनी २०१५ ला आली ती ट्रक आणि माल जुळवून देतो म्हणून. २०२४ ला शेअर बाजारात आली तेव्हा त्यांची कमाई जास्त करून होती ती फास्टॅग आणि जीपीएसच्या सेवेवर. रिविगोनं तर दर काही तासांनी ड्रायव्हर बदलायचा, म्हणजे माणूस त्याच दिवशी घरी, अशी चांगली कल्पना आणलेली, पण २०२२ मध्ये त्यांचा तो एक्सप्रेसचा धंदा महिंद्रा लॉजिस्टिक्सनं घेतला. गाडी शोधून देणं ही गोष्ट आता जवळजवळ फुकट झालीय, त्याच्यावर कुणाचंच पोट भरत नाही. मग आम्ही कशावर भरतो? गाडी पलटी झाली, पोत्यात पाणी गेलं, दोन पोती कमी निघाली, वजनकाट्यात फरक आला, तर फोन उचलायला आणि भरून द्यायला कोण आहे ह्याच्यावर. अ‍ॅपवरनं स्वस्तात गाडी घेतलेले आमचे एक-दोन अडते पहिल्या शॉर्टेजनंतर परत आले. सगळे नाही आले हां. ज्यांचा माल सिमेंटसारखा मोजून-बिजून जातो त्यांना आमची गरज नाही आणि त्यांनी जास्त पैसे का द्यावेत?

ड्रायव्हरची गोष्ट वेगळी लिहायला पाहिजे कारण ती कुणाच्या फॉर्ममध्ये येत नाही. मामा म्हणतात, "पूर्वी मालक एकच हुता, आता फोनमधी धा मालक हायती." पार्टीला जीपीएसची लिंक दिली की पार्टी तिच्या पुढ्यात बसूनच राहते. जेवायला थांबलं की फोन, झोपायला थांबलं की फोन. ई-चलानचा मेसेज मालकाला येतो आणि मालक ड्रायव्हरला विचारतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना सेन्सर इतके की युरिया, म्हणजे ते अ‍ॅडब्लू, कमी झालं तर गाडी स्वतःच जोर सोडते, पूर्वी मामा चिंधी आणि तार बांधून गाडी गॅरेजपर्यंत आणायचे, आता मेकॅनिक लॅपटॉप जोडल्याशिवाय बॉनेट उघडत नाही. नवीन पोरं ह्या लाईनीत यायला तयार नाहीत आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. आम्ही आमच्यापुरता नियम केला, रात्री अकरा ते पहाटे पाच पार्टीची लिंक बंद, काय विचारायचं ते ऑफिसला विचारा. दोन पार्ट्या नाराज झाल्या. माल मात्र अजून आमच्याकडनंच जातो.

सगळ्यात मोठा विषय म्हणजे थांबणं. रस्त्यातलं थांबणं कमी झालं, नाके गेले, टोल पळता झाला, गाडी वेळेत पोचते. पोचते आणि कंपनीच्या गेटवर उभी राहते. आज स्लॉट नाही, उद्या या. उद्या वराईवाले, म्हणजे माल उतरवणारे, नाहीत. परवा सुपरवायझर रजेवर. एकदा एका मोठ्या कंपनीच्या गोडाऊनसमोर आमची गाडी उभी, आणि त्याच कंपनीच्या हेड ऑफिसातनं मला फोन की तुमची गाडी लोकेशनवर हलत नाही, काय प्रॉब्लेम आहे? मी म्हटलं, "साहेब, ती तुमच्याच गेटवर आहे, तुम्ही आत घ्या की ओ, मग हलेल." पलीकडं शांतता. लाखो रुपयांची सिस्टिम, नकाशावर गाडीचा ठिपका दिसतो, पण ठिपक्याच्या पुढं गेट कुणाचं आहे ते दिसत नाही.

पैशाचं पण तसंच. ड्रायव्हरला मी दोन सेकंदात यूपीआय करतो, डिझेलचे पैसे लगेच, टोल लगेच, हप्ता तारखेला खात्यातनं आपोआप कटतो. म्हणजे माझ्याकडनं जाणारं सगळं वीजेच्या वेगानं, आणि माझ्याकडं येणारं भाडं ६० दिवस, ९० दिवस. पोचचा फोटो गेला तरी अकाउंट्सला ओरिजिनल कागद पाहिजे, कुरिअरनं, शिक्का पुसट आला तर परत. आयकरात ४३बी(एच) म्हणून कलम आलं, २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून, छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर मोठ्या पार्टीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आहेच. त्या मार्चमध्ये खरोखर फोन येऊन विचारलं गेलं की तुमचं काय काय बाकी आहे, पहिल्यांदाच! थकलेल्या पैशांची सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करायची सोय २०१७ पासून आहे, पण ती करून पैसे आले तरी पुढच्या महिन्याची गाडी लागणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळं पेठेत कुणी केल्याचं ऐकलं नाही.

तर आम्ही आता हे तंत्र उलट्या बाजूनं वापरायला लागलोय. पार्टी जीपीएसवरनं आम्हाला विचारते ना, मग त्याच जीपीएसवर आम्ही गोडाऊनच्या भोवती गोल आखून ठेवला. गाडी त्या गोलात शिरली की वेळ नोंदली जाते, बाहेर पडली की परत नोंदली जाते. पहिला दिवस फुकट, त्याच्यापुढं हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचे पैसे, आणि ते बिल्टीवरच छापलं. बिलाबरोबर ती वेळेची नोंद जोडून पाठवतो. कल्पना पुतणीची, मी आधी म्हटलं होतं कोण देतंय आपल्याला हॉल्टिंग. कुपवाडच्या एका कारखान्यानं मुकाट्यानं दिलं, वर त्यांच्या गोडाऊनला गाड्या पटापट खाली व्हायला लागल्या. दुसऱ्या एकानं निम्म्यावर तडजोड केली. तिसऱ्या पार्टीनं सांगितलं की आमच्या पॉलिसीत बसत नाही, त्यांना आम्ही गाडी लावणं कमी केलंय. आणि अर्ध्या हळद बाजाराचं अजून ठरायचं आहे, कारण अडत्यांचं म्हणणं की गाडी थांबते ती समोरच्या गावात, आम्ही का द्यावं? त्यांचंही चुकत नाही. सौदे जोरात सुरू व्हायच्या आधी त्यांच्याबरोबर बसायचं ठरलंय, अण्णा पण येणार आहेत.